एका शब्दाचे पस्तीस पैसे

रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवरच्या अनुवादकांच्या एका गटात निरोप पडला : 'इंग्लिश टू मराठी, १०,००० शब्द, परवा सकाळी हवं. बेस्ट रेट पाठवा.' मजकूर कशाचा, कुणासाठी, पैसे कधी मिळणार, यातलं काही त्यात नव्हतं. तरी दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, शब्दाला ८० पैसे. पाठोपाठ ७०. मग ६०, ५०, ४५. दोघातिघांनी नुसतं 'इंटरेस्टेड, पर्सनलवर बोलू' असं लिहिलं. साडेदहा वाजायच्या आत आकडा ३५ पैशांवर आला आणि गट शांत झाला.

मी या गटात सहा वर्षं आहे. असे उलटे लिलाव कितीतरी पाहिले, सुरुवातीच्या काळात दोन-तीनदा मीही त्यात बोली लावली. त्या रात्री मात्र कागद घेऊन हिशेब मांडला. शब्द तपासत, परत वाचत, मनाला पटेल असं काम करायचं तर दिवसाला २,००० शब्द होतात, फार ओढलं तर २,५००. पस्तीस पैशांनी २,००० शब्दांचे ७०० रुपये. त्यातून लॅपटॉपचा हप्ता, वीज, इंटरनेट. शिवाय महिन्याचे सगळे दिवस काम हाताशी असतं असं कुठल्याच फ्रीलान्स अनुवादकाला छातीठोक सांगता येत नाही. आणि १०,००० शब्द दीड दिवसात द्यायचे म्हणजे ते मशीनमधून काढून वरवर पुसून जाणार, हे मागणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि देणाऱ्यालाही.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात राहते. आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई बिडी वळणारी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अक्का पानं कापत उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांना विचारलं, हजार बिड्यांची मजुरी तुम्हाला किती मिळते ते तुम्ही एकमेकींना सांगता का? त्यांना माझा प्रश्नच कळेना. म्हणाल्या, "त्यात सांगायचं काय ताई? सगळींना माहितीच असतं की. कमी दिली तर एकटीला थोडीच देतंय, सगळ्याच बोलतो आम्ही."

या उत्तरानं मला दोन दिवस झोप नीट लागली नाही. अक्कांचं काम आणि माझं काम यात वरवर पाहता काही सारखं नाही, पण कामाची रचना बघा. दोघी घरी बसून काम करतो. दोघींना नगावर पैसे, त्यांना हजारावर, मला शब्दावर. दोघींचा माल दुसरं कुणी तपासतं आणि नापसंत म्हणून बाजूला काढू शकतं. फरक एकच आहे. अक्का रोज तयार बिड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जातात, तिथं रांगेत उभ्या राहतात, पुढचीची टोपली बघतात, मागचीशी बोलतात. त्या रांगेत कुणाच्या बिड्या जास्त काढून टाकल्या, कुणाचे पैसे कापले, हे सगळ्यांना दिसतं. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून बिडी वळणारीलाही कामगार मानलं. सोलापुरात याच बायकांनी संघटना उभी केली, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि कुंभारीजवळ कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्याच बाजूला रे नगरमध्ये २०२४ च्या जानेवारीत आणखी १५,००० घरांच्या किल्ल्या कामगारांना मिळाल्या. घरात एकेकट्या बसून काम करणाऱ्या बायकांनी हे करून दाखवलं, आणि त्याची सुरुवात एकमेकींची मजुरी माहीत असण्यापासून झाली असं मला वाटतं.

आमच्याकडे ती रांग नाही. पदवीधर, दोन-तीन भाषा लिहिता-वाचता येणारे, दिवसभर इंटरनेटवर असणारे आम्ही अनुवादक शेजारच्या गल्लीतला दुसरा अनुवादक कोण हे जाणत नाही. सोशल मीडिया ही आमची रांग होऊ शकली असती. आम्ही तिचा बाजार केला, आणि त्या बाजारात विकायला आणलेला माल म्हणजे आम्हीच. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्रीलान्स अनुवादकानं सोशल मीडियावर आधी गिऱ्हाईक शोधणं थांबवावं आणि सहकारी शोधावेत. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा त्या सहकाऱ्यांच्या मागून येतं, आणि आलेलं टिकतंही त्यांच्यामुळेच.

पस्तीस पैसे लिहिणारीला मी निरोप पाठवला. रागानं नव्हे, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती निघाली सोलापूरचीच, जुळे सोलापुरात राहणारी, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. आमच्या विद्यापीठातून एमए केलेली. काम तिलाच मिळालं होतं. फोनवर म्हणाली, "मॅडम, मला वाटलं दर एवढाच असतो. गटात जे दिसायचं त्यावरून मी अंदाज केला." तिला दर विचारायला कुणी नव्हतं. मग बोलता बोलता कळलं, तिचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरात कन्नड बोलतात, शाळा सातवीपर्यंत कन्नड माध्यमाची. मी विचारलं, "अगं, मग कन्नड-मराठी का करत नाहीस?" तर म्हणाली, कुणी विचारलंच नाही. त्याच महिन्यात मी एका वकिलांचं कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातल्या जमिनीच्या पहाणीचं काम, म्हणजे आपल्या सातबारासारख्या उताऱ्याचं काम, कन्नड जाणणारं माणूस माहीत नाही म्हणून नाकारलं होतं. तिला ते मिळालं असतं तर शब्दाला पस्तीस पैशांच्या कितीतरी पट मिळाले असते, आणि वकिलांना जाणती अनुवादक.

इंटरनेटनं आम्हाला काही दिलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणा होईल. सोलापुरात बसून या धंद्यात शिरणं आधी अशक्यच होतं. अनुवादाचं काम पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या ओळखीतून किंवा सरकारी कचेरीतून जायचं, आणि पुण्याला अडीचशे किलोमीटर जाऊन ओळख काढण्याइतकी ऐपत कुणाची होती? १९९९ मध्ये प्रोझ ही अनुवादकांची वेबसाइट सुरू झाली, तिथं जगभरातले अनुवादक एकमेकांना अडलेले शब्द विचारू लागले. लिंक्डइन २००३ चं, फेसबुक २००४ चं. मला पहिलं परदेशी काम प्रोझवरच्या एका प्रश्नाला उत्तर दिल्यामुळे मिळालं. कुणीतरी औषधाच्या डब्यावरच्या एका वाक्याचा मराठी पर्याय विचारला होता, मी अर्धा तास शोधून सकारण उत्तर लिहिलं, आणि तीन आठवड्यांनी एका अनुवाद एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं त्या उत्तराचा उल्लेख करून पत्र पाठवलं. मी अर्ज केला नव्हता, दर पाडला नव्हता. एका सहकाऱ्याला मदत केली होती आणि ती तिसऱ्यानं वाचली.

पैसे बुडाल्याचा अनुभवही सांगते. दुसऱ्या शहरातल्या एका एजन्सीसाठी मी ३८,००० शब्द केले, वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका. काम वेळेत दिलं, कौतुकाचं पत्र आलं, इन्व्हॉइस गेलं. मग आठ महिने काहीच नाही. फोन केला की 'क्लायंटकडून आलं नाही', 'अकाउंट्सचे सर सुट्टीवर आहेत'. मी गप्प बसले, कारण मला वाटलं चूक माझ्या कामात असेल आणि ते सौजन्यानं सांगत नसतील. घरी एकट्यानं काम करणाऱ्या माणसाच्या मनात ही शंका फार लवकर घर करते. शेवटी अनुवादकांच्या एका बंद फेसबुक गटात नागपूरच्या एका सहकाऱ्यानं विचारलं, अमुक ठिकाणाहून कुणाचे पैसे अडकलेत का? दिवसभरात आम्ही सहा जण निघालो. सहाही जणांना तीच उत्तरं, तेच सुट्टीवर गेलेले सर.

त्या सहा जणांमध्ये एकाला कायदा माहीत होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठीची उद्यम नोंदणी आधार आणि पॅन घेऊन घरबसल्या, फुकट होते. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की ती अशा थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. घरी बसून एकटीनं भाषांतर करणारी बाईसुद्धा या कायद्याच्या लेखी उद्योग असू शकते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका गटात कळलं. दुसऱ्यानं सांगितलं, प्राप्तिकराच्या २६ एएस फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती कर कापला ते दाखवणाऱ्या उताऱ्यात, बघा. बघितलं, तर माझ्या नावावर त्यांनी कापलेला टीडीएस दिसत होता. म्हणजे माझं बिल त्यांच्या वहीत मान्य होऊन बसलं होतं आणि मला मात्र 'क्लायंटकडून आलं नाही' असं सांगत होते. आम्ही सहा जणांनी एकाच दिवशी, आपापल्या नावानं, कायद्याचा उल्लेख करून पत्रं पाठवली. पैसे तीन हप्त्यांत आले. एकटीच्या अकरा फोनांनी जे झालं नव्हतं ते सहा पत्रांनी झालं. (नोंदणी काम हाती घेण्याआधीच केलेली बरी. भांडण सुरू झाल्यावर केली की तोच वादाचा मुद्दा होतो.)

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. सहकारी म्हणजे प्रतिस्पर्धीच ना? माझा दर, माझी एजन्सी, माझे शब्द मी त्यांना सांगितले तर उद्या तेच माझं काम नेतील. मलाही ही भीती वाटत होती, आणि एकदा तसं झालंही. एका ओळखीच्या अनुवादकाला मी माझ्या गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं आणि त्यानं पाच पैसे कमी दरानं तिथं शिरकाव केला. वाईट वाटलं. पण गेल्या सात-आठ वर्षांची बेरीज केली तर त्या एका कामाच्या बदल्यात सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाठवलेली कामं इतकी आहेत की मी तो हिशेब ठेवणं सोडलं. आईच्या आजारपणात पंधरा दिवस मी सिव्हिलमध्ये होते, तेव्हा हातातलं काम साताऱ्याच्या एका मैत्रिणीनं पुरं केलं आणि गिऱ्हाईक माझंच राहिलं. आम्ही अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

शिवाय अनुवादक एकमेकांचे वाटतात तितके प्रतिस्पर्धी नसतातच. कोर्टाची कागदपत्रं करणारा आणि सिनेमाची सबटायटल्स करणारी यांचं गिऱ्हाईक कधी सामाईक असतं का? आणि सोलापूरसारख्या गावात तर भाषाच वाटून दिलेल्या आहेत. या शहराचं दैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं, म्हणजे भक्तीच्या छोट्या रचना, लिहिल्या त्या कन्नडात, 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या नाममुद्रेनं, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्यांत मराठी बोलणारे कमी नसतात. पूर्व भागात तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू आणि दखनी. पलीकडचा धाराशिव, तुळजापूर, नळदुर्गचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथले जुने जमिनीचे कागद उर्दूत. इकडचे त्याहून जुने कागद मोडीत. विजयपूर, कलबुर्गीहून रुग्ण सोलापूरच्या दवाखान्यांत येतात, त्यांचे आधीचे कागद कन्नडात आणि संमतीपत्र मराठीत. एवढं काम या गावात रस्त्यावर पडलेलं आहे. ते उचलायला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मोडी जाणणारी पाच माणसं एकमेकांना ओळखत असली पाहिजेत. आज ती पाचही माणसं कुठल्यातरी दिल्ली-बंगळुरूच्या गटात इंग्रजी-मराठीचं कंत्राट मिळवण्यासाठी रात्री दहाला बोटं तयार ठेवून बसलेली असतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

सहकारी फक्त अनुवादकांतच शोधावेत असंही नाही. एकदा मागाच्या यंत्राची इंग्रजी माहितीपुस्तिका माझ्याकडे आली. आडवा धागा नेणाऱ्या एका भागासाठी शब्दकोशातून मी चांगला संस्कृतप्रचुर शब्द काढला, गटात विचारला, चौघांनी 'परफेक्ट' म्हणून अंगठे दिले. तरी मन मानेना. आमच्या गल्लीत जुन्या गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे मुकादम, आहेत, त्यांना चित्र दाखवलं. ते म्हणाले, "हा धोटा आहे." पुढच्या, धागा गुंडाळायच्या भागाला म्हणाले, "ही कांडी." यंत्रमागावर काम करणारा प्रत्येक माणूस, आणि घरी कांड्या भरणारी प्रत्येक बाई, ज्या शब्दांनी जगते ते शब्द माझ्या पुस्तिकेत येणारच नव्हते. त्यानंतर मी टॉवेल कारखान्यातल्या एका सुपरवायझरला, रक्तपेढीतल्या एका तंत्रज्ञाला आणि नोंदणी कार्यालयाबाहेर दस्त लिहिणाऱ्या एका काकांना फोनमध्ये वेगळं जपून ठेवलं आहे. लिंक्डइनच्या पाचशे ओळखींपेक्षा माझं काम या तिघांनी जास्त सुधारलं.

आता सोशल मीडियावर लिहायचं काय. 'मी इंग्रजी-मराठी अनुवादक आहे, काम असेल तर कळवा' ही पोस्ट मी स्वतः तीन वर्षं दर महिन्याला टाकली. एकही काम आलं नाही. येणार कसं? त्या वाक्यातून माझ्याबद्दल वाचणाऱ्याला काही कळतच नाही. मग मी शब्दांबद्दल लिहायला लागले. एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी अनुवादकाचं ज्ञान लोकांना दिसतं.

नव्या औषधांच्या चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत संमतीपत्र द्यावं लागतं, आणि एथिक्स कमिटी ते पाहते. माझं निम्मं काम या संमतीपत्रांचं असतं. त्यात 'ॲडव्हर्स इव्हेंट' आणि 'ॲडव्हर्स रिॲक्शन' असे दोन शब्द येतात. पुष्कळ भाषांतरांत दोन्हींना 'दुष्परिणाम' लिहिलेलं असतं. पण पहिल्याचा अर्थ, चाचणीच्या काळात माणसाला झालेला कुठलाही त्रास, मग तो औषधामुळे असो वा नसो. चाचणीत असताना कुणी जिन्यावरून पडून हात मोडला तरी तो यात येतो. दुसऱ्याचा अर्थ, ज्या त्रासामागे औषधाचा हात असण्याची वाजवी शंका आहे तो. दोन्हींना 'दुष्परिणाम' म्हटलं की जिन्यावरून पडलेला माणूस ते डॉक्टरांना कळवणारच नाही, कारण त्याच्या मते तो औषधाचा परिणाम नाही. किंवा 'रँडमायझेशन'. त्याला 'यादृच्छिकीकरण' म्हटलं की शब्द कोशात बरोबर आणि मोहोळच्या शेतकऱ्याला निरर्थक. 'तुम्हाला कुठलं औषध मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल, तुमचे डॉक्टर ते निवडणार नाहीत' असं लिहिलं की त्याला कळतं, आणि कळल्यावर नाही म्हणायचा त्याचा हक्कही जागा होतो.

हे मी मराठीत, माझ्या नावानं लिहिलं. कुठल्याही गिऱ्हाइकाचं वाक्य, औषधाचं नाव, कंपनीचं नाव घेतलं नाही. गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि अडलेलं वाक्य जसंच्या तसं गटात चिकटवणारे सहकारी पाहून माझ्या अंगावर काटा येतो. शब्द विचारावा, संदर्भ आपल्या शब्दांत सांगावा, मजकूर कधीही टाकू नये. त्या पोस्टवर एका परिचारिकेनं लिहिलं की रुग्णांना समजावताना ती नेमकं हेच करते, कोल्हापूरच्या एका अनुवादकानं माझ्या एका पर्यायातली चूक दाखवली. मी ती दुरुस्त केली आणि तसं खाली लिहिलंही. पुढे ज्या एजन्सीनं मला काम दिलं तिच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं सांगितलं की चूक मान्य केलेली ती ओळ वाचून तिनं माझं नाव नोंदवलं होतं.

लिंक्डइन हे इंग्रजीचं व्यासपीठ आहे, तिथं मराठीत लिहून कोण वाचणार, असं तरुण मुलं म्हणतात. मराठी अनुवादकाचा माल मराठी आहे. माझं मराठी वाक्य कुणालाच दिसत नसेल तर मी अनुवादक आहे हे इंग्रजीतून किती वेळा सांगणार? वर दोन ओळी इंग्रजी आणि खाली मराठी, असं मी करते.

धोके आहेत आणि ते नव्या मुलांना कुणी सांगत नाही. सगळा बायोडाटा, पत्ता आणि ईमेलसकट, उघड टाकू नये. अनुवादकांचे बायोडाटा उचलून त्यावर स्वतःचा ईमेल घालून कामं मिळवणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. मग निकृष्ट काम त्यांचं आणि बदनाम नाव आपलं. 'टेस्ट' म्हणून पाचशेपेक्षा जास्त शब्द फुकट मागितले की थांबावं, कारण एकच मोठा मजकूर तुकडे करून दहा उमेदवारांना टेस्ट म्हणून वाटल्याचे प्रकार घडले आहेत. बायकांना आणखी एक त्रास होतो, स्वतःच्या नावानं लिहिलं की रात्री अपरात्री 'हाय' म्हणणारे अनोळखी लोक. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच सांगेन की गटात आधीपासून ओळखीच्या चार बायका असल्या तर असा माणूस लवकर ओळखू येतो.

आणि या जागा आपल्या मालकीच्या नाहीत. ऑर्कुटवर माझ्यासारख्या अनेकांनी पहिले भाषेचे गट पाहिले, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. ३० सप्टेंबर हा जगभर अनुवाद दिन म्हणून पाळतात, त्यामुळे ती तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. तिथं झालेल्या चर्चा, जमवलेले शब्द, सगळं गेलं. म्हणून शब्दांच्या याद्या आणि माणसांचे पत्ते आपल्या वहीत, आपल्या संगणकावर ठेवावेत.

मशीनच्या प्रश्नालाही सहकारीच लागतात. गूगलच्या अनुवाद सेवेत मराठी २०१३ मध्ये आली, भारतीय भाषांत मशीननं अनुवाद करणारा केंद्र सरकारचा भाषिणी हा प्रकल्प २०२२ चा. आता निम्म्या एजन्सी 'मशीनचा अनुवाद आहे, फक्त सुधारून द्या, म्हणून दर निम्मा' असं म्हणतात. काही मजकुरात हे न्याय्य असेलही. पण ज्या संमतीपत्रात मशीननं एकाच शब्दाला तीन ठिकाणी तीन पर्याय दिलेत, ते सुधारायला नव्यानं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. अशा कामाला शब्दावर नव्हे, तासावर पैसे मागावेत असं माझं मत झालंय. मी एकटीनं मागितले तर एजन्सी दुसरीकडे जाते. दहा जणांनी आपापल्या अनुभवावरून, आपापला दर तासावर सांगायला सुरुवात केली तर त्यांना विचार करावा लागेल. इथं एक काळजी घ्यायची आहे. सगळ्यांनी मिळून एकच किमान दर ठरवणं हे स्पर्धा कायद्यात संगनमत ठरू शकतं. पण कुठल्या कामाला किती तास लागले, कुठं किती दिवसांनी पैसे मिळाले, हे एकमेकांना सांगणं म्हणजे माहिती देणं आहे, आणि तेवढ्यानंही पस्तीस पैशांचा अंदाज बांधणारीचा अंदाज बदलतो.

आम्ही सोलापुरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटायला सुरुवात केली आहे. सध्या सात जण. मराठी, कन्नड, तेलुगू आहे. उर्दूचे एक निवृत्त शिक्षक येतो म्हणालेत, मोडी वाचणारं अजून कुणी मिळालं नाही. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतो, चहा जवळच्या गाड्यावर. मागच्या वेळी दोन तास वाद झाला तो एका तक्त्यावरून. उशिरा पैसे देणाऱ्यांची नावं लिहायची की नाही? कन्नड करणारे एक सर म्हणाले, बदनामीचा दावा लागेल. मी म्हटलं, विशेषणं लिहायची नाहीत, मत लिहायचं नाही, फक्त कामाची तारीख, इन्व्हॉइसची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख, ज्याच्या त्याच्या कागदांवरून. ते अजून पूर्ण पटलेले नाहीत, आणि त्यांची काळजी मला रास्त वाटते. तोवर तक्ता आमच्या सात जणांपुरताच, नावांच्या जागी आकडे घालून ठेवायचं ठरलं.

पहिली ओळ जुळे सोलापूरच्या त्या मुलीनं भरली. १०,००० शब्द, दर ३५ पैसे. लिहिताना थोडी थांबली, मग तिनं आकडा खोडला नाही. इन्व्हॉइसची तारीख तिनं फोनमध्ये बघून लिहिली. त्याला आज त्र्याहत्तर दिवस झाले. शेवटचा रकाना रिकामा आहे.